सिडनीची अंत्ययात्रा, १५८७: तीस ताम्रपट्टांची गुंडाळी कशी वाचायची, कशी तपासायची, कशी जोडायची

दप्तरदार (धागाकर्ता)

जुन्या छापील वस्तूंच्या धाग्यांवर नकाशे आणि पंचांगं भरपूर येतात. सरदारांच्या अंत्ययात्रांची चित्रपुस्तकं मात्र क्वचितच येतात. म्हणून हा धागा एकाच वस्तूपुरता ठेवू या: सर फिलिप सिडनीच्या अंत्ययात्रेची ताम्रमुद्रित चित्रमाला. रेखाटन थॉमस लँट, कोरीवकाम थिओडोर द ब्री, लंडन, १५८८.

आधी घटनाक्रम. सिडनी हा पहिल्या एलिझाबेथच्या दरबारातला कवी आणि योद्धा, नेदरलँड्समधल्या फ्लशिंग बंदराचा गव्हर्नर. २२ सप्टेंबर १५८६ ला झुटफेनच्या लढाईत त्याच्या मांडीत गोळी लागली आणि १७ ऑक्टोबरला आर्नहेममध्ये तो वारला. वय ३१. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शव जहाजाने लंडनला पोचलं, टॉवर ऑफ लंडनजवळ उतरवलं आणि मिनरीज या भागात ठेवलं गेलं. सेंट पॉल्स कॅथीड्रलमधला दफनविधी झाला १६ फेब्रुवारी १५८७ ला. म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ शव ताटकळलं. सिडनीच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं, ते निस्तरणं आणि इतक्या माणसांच्या काळ्या कापडाचा खर्च उचलणं सासरे फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम यांच्यावर आलं. ८ फेब्रुवारीला स्कॉट राणी मेरीचा शिरच्छेद झाला आणि लोकांचं लक्ष वळवायला हा मुहूर्त धरला, असंही म्हटलं जातं. मला स्वतःला कर्जाचं कारण जास्त वजनदार वाटतं.

तारखेत एक खाच आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे तिथल्या कागदांत हीच अंत्ययात्रा '१६ फेब्रुवारी १५८६' अशी येते. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या. सूचीत नोंद करताना दोन्ही द्याव्यात, नाहीतर 'मृत्यूच्या आधी अंत्ययात्रा' असं दिसतं.

आता वस्तू. एकूण ३० ताम्रपट्टांचे ठसे. सगळे शेजारी शेजारी जोडले तर सुमारे ३८ फूट लांब पट्टी होते. उंची मात्र वीतभरसुद्धा नाही. चित्रांत ३४४ माणसं मोजली गेली आहेत. मजकूर लॅटिन आणि इंग्रजी दोन्हींत, आणि बऱ्याच माणसांच्या डोक्यांवर त्यांची नावं कोरलेली.

माझा मुद्दा असा, की ही वस्तू पुस्तक म्हणून बांधलेली असली तरी तिची रचना पट्टीची आहे, आणि पान उलटत वाचली तर तिच्यातली निम्मी माहिती हातून जाते. जाणकारांनी आपापला भाग लिहावा.

---

निशाणबारदार

उत्तम धागा. मिरवणुकीच्या क्रमाबद्दल लिहितो. तो क्रमच या चित्रमालेचा कणा आहे.

असा विधी घरचे लोक ठरवत नसत. राजचिन्हांचे अधिकारी, म्हणजे हेराल्ड, तो आखत. इथे आखणी क्लॅरेन्सो या हेराल्डपदावरच्या रॉबर्ट कुक यांची. कोण कुठे चालणार, कोणाच्या हातात काय, कोणाला किती आणि कसं कापड, सगळं दर्जाप्रमाणे ठरलेलं. म्हणून ही चित्रं रस्त्यावर उभं राहून टिपलेली दृश्यं समजू नयेत. तो मंजूर झालेल्या क्रमाचा दस्तऐवज आहे.

सुरुवातीच्या पट्टांवर मिरवणूक नाहीच. काळी शिडं लावून शव घेऊन आलेलं जहाज आहे, आणि सेंट पॉल्समध्ये शवपेटीसाठी उभारलेला निशाणांनी सजवलेला मांडव आहे. त्यानंतर यात्रा सुरू होते.

सर्वांत पुढे ३२ गरीब माणसं, लांब काळ्या झग्यांत. मग पावे, ढोल, तुताऱ्या आणि निशाणं. मग नोकरचाकर, घरचे कारभारी, वैद्य, मित्र आणि नातलग सरदार. पुढे दोन घोडे. पहिल्यावरचा पोऱ्या मोडका भाला जमिनीवरून ओढत नेतो. दुसरा झूल घातलेला, त्यावरच्या पोऱ्याच्या हातातली कुऱ्हाड पात्याकडून खाली झुकवलेली. यानंतर हेराल्ड एकेक जण सिडनीची एकेक वस्तू घेऊन येतात: टाचेच्या आरा, लोखंडी दस्ताने, तुऱ्यासकट शिरस्त्राण, ढाल, आणि कुळचिन्हाचा अंगरखा. सर्वांत मागे स्वतः क्लॅरेन्सो. हा क्रम पायापासून वर चढत जातो आणि मान वाढत जातो. पानं उलटसुलट बांधली गेली असतील तर पहिली शंका इथेच घ्यावी. अंगरखा आधी आणि आरा नंतर दिसल्या, तर बांधणाऱ्याने घोळ घातला आहे हे नक्की.

शिरस्त्राणावरचा तुरा भिंग लावून बघा. ते साळिंदर आहे, सिडनी घराण्याचं. ढालीवर रुंद बाणाचं पातं, टोक खाली. ही दोन चिन्हं ओळखता आली की कुठल्याही सुट्या पानावर 'हे सिडनीचं आहे का' याचं उत्तर मिळतं.

मग शवपेटी. १४ जण ती वाहतात. काळ्या आच्छादनाची चार टोकं चार जवळच्या माणसांच्या हातात: फुल्क ग्रेव्हिल, एडवर्ड डायर, एडवर्ड वॉटन, थॉमस डडली. मागे मुख्य शोककर्ता, धाकटा भाऊ रॉबर्ट सिडनी. त्यामागे घोड्यांवर लेस्टर, हंटिंग्डन, पेम्ब्रोक, एसेक्स हे अर्ल, आणि विलोबी व नॉर्थ हे लॉर्ड. पुढे डच प्रांतांचे प्रतिनिधी, लंडनचा मेयर, ग्रोसर्स कंपनी या व्यापारी संघाचे १२० सभासद आणि शेवटी शहराची शिकवलेली पलटण, शस्त्रं उलटी धरून.

लक्षात घ्या, दर्जाने सिडनी फक्त नाइट होता. नाइटच्या नियमात बसणारा हा थाट नाही. माझ्या मते संपूर्ण चित्रमालेतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच.

---

मृण्मयी_ग

दोन प्रश्न. सिडनी ३१ वर्षांचा होता, मग गरीब माणसं ३२ का? आणि त्याची पत्नी फ्रान्सेस कुठेच कशी नाही? शिवाय यात्रेत सातशेच्या आसपास लोक होते असं वाचलंय, चित्रात ३४४. बाकीचे गेले कुठे?

---

निशाणबारदार

मृण्मयीताई, गरीब माणसांची संख्या मृताच्या वयाइतकी ठेवायची पद्धत होती, आणि चालू वर्ष धरत. सिडनीचा जन्म ३० नोव्हेंबर १५५४ चा, म्हणजे मृत्यूसमयी त्याचं ३२ वं वर्ष चालू होतं.

पत्नीचं कारण नियमात आहे. मुख्य शोककर्ता मृताच्याच लिंगाचा असावा लागे. पुरुषाच्या यात्रेत पुरुष, स्त्रीच्या यात्रेत स्त्री. त्यामुळे विधवेला आणि छोट्या मुलीला या क्रमात जागाच नव्हती. मुख्य शोककर्त्याच्या रूपाने वारसा आणि दर्जा पुढे कोणाकडे जातो हे सगळ्या शहराला दाखवायचं असे. दुःख कोणाचं मोठं, हा प्रश्न तिथे नव्हता.

संख्येचं म्हणाल तर मोठे गट लँटने नमुन्यादाखल काढले आहेत. काही माणसं काढायची आणि आकडा मजकुरात द्यायचा. नाव असलेली माणसं मात्र एकेक स्वतंत्र. म्हणून चित्रातली डोकी मोजून यात्रेचा आकार काढू नये. आकड्यासाठी मजकूर वाचायचा, ओळखीसाठी डोक्यावरचं नाव, आणि दर्जासाठी झग्याची मागे लोळणारी लांबी व डोक्यावर ओढलेली टोपी.

---

ताम्रकोर

कोरीवकामाच्या बाजूने भर घालतो.

द ब्री हा मूळचा लिएजचा, स्पॅनिश राजवटीतून बाहेर पडलेला प्रोटेस्टंट कोरक. लंडनहून तो पुढे फ्रँकफुर्टला गेला आणि १५९० पासून अमेरिकेच्या प्रवासवर्णनांच्या चित्रांनी त्याचं नाव युरोपभर झालं. सिडनीची चित्रमाला त्याआधीची.

ताम्रपट्टावर रेषा कोरणीने खोदली जाते. कोरणी हाताने ढकलायची आणि वळणावर हात स्थिर ठेवून पट्टच फिरवायचा. रेषेच्या कडेला उठलेली तांब्याची कड खरवडून काढतात. मग शाई चोळून खाचांत भरायची, वरचा भाग जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसून घ्यायचा. ओलसर कागद, वर लोकरी घड्या, आणि दोन रुळांच्या दाबयंत्रातून एक फेरी. कागद खाचांत दबला जातो आणि शाई उचलतो. पट्टाच्या कडेचा दाब कागदावर चौकटीसारखा उमटतो. अस्सल ठशावर ही दाबरेषा बोटाला लागते. ती कुठेच नसेल तर एकतर पान कापलं गेलंय किंवा तो नंतर फोटोवरून काढलेला छायाठसा आहे.

इथे अडचणी तीन.

ठसा उलटा येतो. पट्टावर सगळं आरशातल्यासारखं कोरावं लागतं: अक्षरं, मिरवणुकीची दिशा, ढालीवरची चिन्हं. दुर्लक्ष झालं तर तलवार उजव्या कमरेला लटकते किंवा ढालीचे चार भाग अदलाबदल होतात. अंत्ययात्रेच्या चित्रांत ढालीची डावी-उजवी बाजू चुकली, तर नातंच चुकतं.

दुसरं, ओला कागद वाळताना आक्रसतो. एक टक्का धरला तरी साधारण ३८६ मिलिमीटरच्या पट्टावर जवळजवळ ४ मिलिमीटर, उंचीत २ मिलिमीटर. प्रत्येक ताव सारखा आक्रसत नाही. म्हणून मूळ ठसे शेजारी लावले की पायांखालची जमीन पायरीसारखी वरखाली होते. याचा दोष कोरकाच्या माथी मारू नये.

तिसरं, तांबं मऊ असतं. बारीक आडव्या-तिरप्या रेषांची सावली आधी झिजते, बाहेरच्या जाड रेषा टिकतात. काळ्या झग्यांनी भरलेल्या चित्रात हे लगेच कळतं: सुरुवातीच्या ठशांत झगा खोल काळा दिसतो, उशिराच्या ठशांत करडा आणि सपाट. दोन प्रती तुलनेला असतील तर चेहऱ्यांकडे न जाता झग्यांच्या घड्यांतली सावली आधी बघा.

रंगांबाबतही एक गोष्ट. ढालीवर आडव्या रेषा म्हणजे निळा, उभ्या म्हणजे लाल, ठिपके म्हणजे सोनेरी, हा संकेत रूढ झाला पेत्रा सांक्ता या जेझुइटामुळे, १६३८ मध्ये. ही चित्रं पन्नास वर्षं आधीची. त्यामुळे यातल्या ढालींवरच्या रेषांना रंगाचा अर्थ लावू नये, ती नुसती सावली आहे. आणि कोणी नंतर हाताने रंग भरला असेल तर एक पडताळा सोपा: सिडनीचं पातं निळं आणि ढाल सोनेरी हवी.

---

खळ_आणि_कागद

'गुंडाळी की पुस्तक' यावर.

जोडून वापरल्याची जुनी साक्ष आहे. जॉन ऑब्री या सतराव्या शतकातल्या टिपणकाराने नऊ वर्षांचा असताना ग्लॉस्टरमध्ये एका कापडव्यापाऱ्याच्या बैठकीत ही चित्रं पाहिली. कागद एकमेकांना चिकटवून लांब पट्टी केलेली, आणि ती चुलाण्याच्या वर दोन खुंट्यांवर अशी बसवलेली, की एक खुंटी फिरवली की माणसं क्रमाने चालू लागत. ऑब्रीचा जन्म १६२६ चा. म्हणजे छपाईनंतर अर्धं शतक होत आलं तरी ही वस्तू भिंतीवर वापरात होती.

आणि अशाच वापराने प्रती संपल्या असणार. चुलाण्यावर उष्णता कागद कोरडा ठणठणीत करते, धूर आणि काजळी खळीच्या सांध्यांत बसते, खुंटी बारीक असेल तर प्रत्येक फेरीला कागद त्याच ठिकाणी तुटत जातो. ज्या प्रती उरल्या त्या बहुतांशी बांधून कपाटात गेल्या म्हणून उरल्या. दप्तरदारांचा मुद्दा पटतो, पण बांधणीवर राग धरू नये. तिने पट्टी तोडली आणि कागद वाचवला.

समोरची प्रत पूर्वी गुंडाळी होती का, हे कागदच सांगतो. बघायच्या खुणा:

पानांच्या उभ्या कडांवर आठ-दहा मिलिमीटरची पिवळट, किंचित कडक पट्टी. जुनी खळ. तिरप्या उजेडात चमकते.

किडीची भोकं. पुस्तकात कीड सलग पानांतून आरपार जाते, भोक प्रत्येक पानावर त्याच जागी. गुंडाळीत एकच भोक ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतं, आणि आतल्या टोकाकडे ते अंतर कमी होत जातं, कारण आतला घेर लहान. पाण्याचे डागही तसेच. ही खूण खोटी करता येत नाही.

उभ्या, समांतर, बारीक मोडी. गुंडाळी दाबली गेल्याच्या. मधोमध एकच घडी असेल तर ती मात्र बांधणीची.

एक सूचना कळकळीची. जुन्या सांध्यांवर पाणी लावून 'सोडवून बघू' असं कोणीही करू नये. ताम्रमुद्रणाची शाई तेलाची, ती विरघळत नाही. पण हाताने भरलेला रंग विरघळतो, आणि हिरवा जर तांब्याचा असेल तर त्याखालचा कागद आधीच ठिसूळ झालेला असतो. ओलावा मिळाला की रंगाच्या आकाराचा तुकडाच गळून पडतो.

---

असईकर

अशाच प्रकारची उशिराची एक वस्तू आपल्याकडच्या इतिहासाला टेकते. वेलिंग्टनच्या ड्यूकची अंत्ययात्रा, १८ नोव्हेंबर १८५२, तीही सेंट पॉल्सलाच. हाच तो आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ ला आत्ताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्या यात्रेची हेन्री आल्केन आणि जॉर्ज ऑगस्टस साला यांनी केलेली रंगीत घडीपट्टी ॲकरमन या प्रकाशकाने काढली, ६० फुटांहून लांब. ती पंख्यासारखी घडी घालून येते, गुंडाळून येत नाही. त्यामुळे तिचं दुखणं वेगळं: घडीच्या कण्यावर रंग उडतो आणि कागद चिरतो. सिडनीच्या पट्टीची तपासणी सांध्यांवर करायची, या पट्टीची घड्यांवर.

पण मागे जाऊन तुलना करायची तर दोन नावं जवळची. सम्राट पाचव्या चार्ल्सची ब्रसेल्समधली यात्रा २९ डिसेंबर १५५८ ला झाली, तिचं पुस्तक मुद्रक प्लँटँने अँटवर्पला १५५९ मध्ये काढलं. आणि डच नेता विल्यम ऑफ ऑरेंजची डेल्फ्टमधली यात्रा, १५८४, कोरणारा गोल्ट्झियस, १२ पट्ट. म्हणजे लँट आणि द ब्री यांच्यासमोर हा प्रकार तयार होता. इंग्लंडमध्ये मात्र एवढ्या आकाराचं असं काम दुसरं नव्हतं.

---

मृण्मयी_ग

असईकर, छान भर. आता प्रत्यक्ष कामाचं विचारते. शाळेच्या प्रदर्शनासाठी चांगल्या छायाप्रतींवरून चालणारी पट्टी करायची आहे, ऑब्रीने पाहिली तशी. कागद कुठला, चिकटवायचं कशाने, आणि कुठे बिनसतं?

---

खळ_आणि_कागद

मृण्मयीताई, करा जरूर.

आकार मूळचाच ठेवा. एक पट्ट साधारण ३८६ मिलिमीटर रुंद, तो ए-थ्री तावावर आडवा बसतो. कागद १०० ते १२० ग्रॅमचा. जाड घेतला तर सांधे उघडतात. कागदाचा तंतू उंचीच्या दिशेने हवा, म्हणजे खुंटीला समांतर. तपासायला कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा, तो ज्या रेषेभोवती वळतो ती तंतूची दिशा. तंतू आडवा असेल तर पट्टी खुंटीवर बसत नाही आणि सांध्यावर लाटा येतात. छपाई लेसरची घ्या, साध्या इंकजेटची शाई खळीच्या पाण्याने पसरते.

खळ गव्हाच्या स्टार्चची. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर २० ते ३० मिनिटं सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर चाळणीतून दोनदा काढा आणि सायीइतकी पातळ करा. कणीक चालणार नाही, तिच्यातल्या चिकाने सांधा पिवळा पडतो आणि कीड लागते. पांढरा सिंथेटिक गोंद कडक होतो, सांधा वळत नाही, तिथेच मोडतो.

प्रत्येक तावाची एक उभी कड चित्रापर्यंत कापा, दुसऱ्या कडेला ८ मिलिमीटर कोरं ठेवा. पुढच्या माणसांचा ताव वर, मागच्यांचा खाली. पट्टी मिरवणुकीच्या दिशेने सरकते तेव्हा वरच्या तावाची मोकळी कड मागे राहते आणि कुठे अडकत नाही. उलट जोडली तर दहाव्या फेरीला कडा उचलायला लागतात. सांधा शोषकागदात दाबून तासभर वजनाखाली.

खरं बिनसतं ते सरळपणात. एका सांध्यात वरच्या आणि खालच्या टोकात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर डोळ्याला दिसत नाही. तोच फरक २९ सांध्यांत एकाच बाजूला पडला, तर पट्टीचं शेवटचं टोक सरळ रेषेपासून ४४ सेंटिमीटर सरकतं. हिशोब करून बघा: १९० मिलिमीटर उंचीवर अर्धा मिलिमीटर म्हणजे प्रत्येक सांध्याला सारखीच दिशा वळणार, आणि वळण साठत जाणार. म्हणून शेजारच्या दोन तावांवर भिस्त ठेवू नका. लांब टेबलावर दोरा ताणा आणि दर वेळी किमान तीन तावांची खालची कड त्याला लावून मगच सांधा दाबा.

खुंट्या बारीक नकोत. ७५ मिलिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळ्या घ्या. ११.६ मीटरची पट्टी, कागद ०.१५ मिलिमीटर धरला तर नळीवर ४५ वेढे होतात आणि जाडी जेमतेम ७ मिलिमीटर वाढते. दोन्ही टोकांना ४० सेंटिमीटर कोरा कागद जोडा, म्हणजे जहाजाचं पान थेट नळीला चिकटवावं लागत नाही.

---

ताम्रकोर

एक जोड. दोन्ही नळ्या तंतोतंत समांतर हव्यात, नाहीतर पट्टी वर चढते आणि वरची कड चुरगळते. आणि ज्या नळीवरून पट्टी सुटते तिच्या आसाला नमद्याची चकती लावून थोडा अडसर द्या. नुसतीच ओढणारी नळी फिरवली तर सुटणारी बाजू सैल पडते, कागद फुगतो आणि पुढच्या फेरीला मोड पडते.

---

दप्तरदार

सगळ्यांचे मनापासून आभार. मृण्मयीताई, पट्टी बघायची खिडकी एक मीटर रुंद ठेवा, एका वेळी अडीच पट्ट दिसतील. त्याहून लहान ठेवली तर शवपेटीचं आच्छादन धरणारे आणि मागचा रॉबर्ट सिडनी एकत्र दिसणार नाहीत, आणि ते एकत्र दिसायलाच हवेत. नावांच्या मराठी पट्ट्या चित्रावर चिकटवू नका, खिडकीखाली क्रमांक लावून वेगळ्या द्या. क्रमांक पट्टाचा द्यावा, माणसाचा नको, म्हणजे कोणी मूळ प्रतीशी ताडून बघायला गेलं तर नेमकं पान सापडेल.